मिनेसोटाची ‘स्पेशल असेसमेंट’: रस्ता शहराचा, हप्ते घरमालकाचे

मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात ‘पथकर’ नावाची एक ओळ असते. सगळ्या शहराकडून थोडं थोडं घ्यायचं आणि कुठला रस्ता कधी उकरायचा ते पालिकेनं ठरवायचं, अशी ती रीत. तुमची गल्ली यंदा काँक्रीटची झाली म्हणून तुमचं बिल शेजारच्या गल्लीपेक्षा वाढत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र बहुतेक गावांत ते वाढतं. दारासमोरचा रस्ता नव्यानं बांधला की त्या खर्चाचा एक हिस्सा त्याच रस्त्याला लागून असलेल्या घरांच्या नावावर चढतो आणि दहा-पंधरा वर्षं घरपट्टीबरोबर वसूल होतो. याला म्हणतात स्पेशल असेसमेंट. ट्विन सिटीज (मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) आणि आसपासच्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी मंडळींना या आकारणीचं पत्र कधी ना कधी येतंच. म्हणून नगरपालिकेच्या इतर कुठल्याही सेवेसारखंच हिचंही परीक्षण करायला हरकत नाही: काय मिळतं, किती पडतं, आणि कुठे फसायला होतं.

आधी पाया. राज्यघटनेच्या दहाव्या कलमानं स्थानिक सुधारणांचा खर्च ‘लाभ झालेल्या’ मालमत्तांवर टाकायची मुभा दिली आहे, आणि प्रत्यक्ष पद्धत कायद्याच्या ४२९व्या प्रकरणात लिहिली आहे. कायद्याच्या नजरेत हा कर नाही, लाभाची भरपाई आहे. त्यामुळे एरवी घरपट्टी न भरणारी चर्च आणि कॉलेजंसुद्धा यातून सुटत नाहीत. शहरांना ही पद्धत आवडायचं ते एक मोठं कारण.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. रस्त्यासाठी बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढायचे तर एरवी सहसा मतदान घ्यावं लागतं. प्रकल्पाच्या खर्चाचा किमान २० टक्के भाग लाभार्थी मालमत्तांवर आकारला, तर मतदानाशिवाय बाँड काढता येतात. त्यामुळे एखाद्या गावाचं धोरण ‘खर्चाच्या २० ते २५ टक्के’ असं दिसलं, तर तो आकडा बऱ्याचदा न्यायबुद्धीनं नाही, बाँडच्या सोयीनं आलेला असतो. रस्त्याखालच्या पाण्याच्या आणि मैल्याच्या मुख्य वाहिन्यांचा खर्च सहसा त्या त्या सेवेच्या निधीतून जातो. ५,००० पेक्षा जास्त वस्तीच्या शहरांना आपल्या रस्त्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शापर्यंतच्या मुख्य रस्त्यांसाठी राज्याकडून इंधनकराचा वाटा मिळतो. गल्लीबोळांना तो मिळत नाही, आणि घरं तर गल्लीबोळांतच असतात.

पत्र आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: काम नेमकं कुठलं? ‘स्ट्रीट प्रोजेक्ट’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. वरचं दीड-दोन इंच डांबर खरवडून तेवढंच नवं टाकणं, म्हणजे मिल अँड ओव्हरले. जुनं डांबर जागेवरच भरडून खालच्या खडीत मिसळणं आणि वर नवं टाकणं, म्हणजे रिक्लेम. आणि सगळं उकरून पायापासून बांधणं, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन. तिसऱ्यात खाली फूटभर वाळू, त्यावर सहा ते आठ इंच ‘क्लास फाइव्ह’ खडी, वर दोन थरांत मिळून साडेतीन-चार इंच डांबर, दोन्ही कडांना काँक्रीटचे कर्ब-गटर आणि त्यांच्यालगत पाणी निचरायला सच्छिद्र पाइप, असा साधारण छेद असतो. वाळूचा थर हौसेखातर नसतो. तिथे जमीन हिवाळ्यात तीन-साडेतीन फूट गोठते; घराच्या पायालासुद्धा राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोली नियमानंच लागते. चिकणमातीत पाणी साचून गोठलं की रस्ता उचलला जातो. मार्च-एप्रिलमध्ये वरून वितळायला लागलं की खाली अजून बर्फ आणि वर चिखल, आणि तेवढ्यात कचऱ्याचा ट्रक गेला की डांबर मगरीच्या कातडीसारखं तडकतं. अशा रस्त्यावर नुसतं वरचं डांबर बदललं तर जुन्या भेगा चार-पाच हिवाळ्यांत वर येतात. पायापासून बांधलेल्याला पैसे मागितले तर ते समजण्यासारखं आहे. नुसत्या वरच्या थरासाठी घरटी मोठी रक्कम मागितली तर भुवया उंचावाव्यात, कारण त्यानं घराची किंमत कितीशी वाढली हे दाखवणं शहरालाही जड जातं.

वाटणीचं सूत्र प्रत्येक गावाचं निराळं, आणि तक्रारी सगळ्यात जास्त इथेच. रस्त्याकडेच्या लांबीवर, म्हणजे फुटामागे दर लावणं ही जुनी पद्धत. सरळ चौकोनी प्लॉटच्या गल्लीत ती चालते, पण बंद गल्लीच्या टोकाला पाचरीसारखे प्लॉट असतात. त्यांची पुढची बाजू ४० फूट आणि मागची १२० फूट, मग लांबी कुठली धरायची? बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या हद्दीपासून ठरावीक अंतर आत जाऊन, घर जिथे सुरू होतं त्या रेषेवरची रुंदी मोजतात. कोपऱ्यावरच्या प्लॉटची गंमत वेगळी. दोन रस्ते दोन वेगळ्या वर्षी झाले तर दोनदा बिल. काही गावं लांब बाजूला सूट देतात, काही फक्त पत्ता ज्या रस्त्याचा त्यावरच आकारतात, आणि काही गावांच्या धोरणात याबद्दल चकार शब्द नसतो. क्षेत्रफळावरची आकारणी दुकानं आणि घरं मिसळलेल्या भागात बरी. निव्वळ घरांच्या गल्लीत ‘घरटी सारखी रक्कम’ हीच सर्वांत कमी भांडणाची. गाडी बाहेर काढायला ६० फुटांच्या आणि ९० फुटांच्या प्लॉटवाल्याला रस्ता सारखाच लागतो. गावाचं असेसमेंट धोरण लेखी असतं आणि मागितलं की मिळतं. पत्रातला आकडा त्या धोरणाशी ताडून बघणं हे पहिलं काम. प्लॉटच्या लांबीची चूक, कोपऱ्याची सूट द्यायची राहून जाणं, एक घर म्हणजे दोन युनिट धरलं जाणं, या चुका होतात आणि एका फोनवर दुरुस्तही होतात.

टाउनहोममध्ये, म्हणजे असोसिएशनच्या संकुलातल्या जोडघरांत, राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. संकुलाच्या आतले रस्ते बहुधा खाजगी असतात, त्यांचा खर्च असोसिएशनच्या राखीव निधीतून. बाहेरचा सार्वजनिक रस्ता झाला की त्याची असेसमेंट पुन्हा वेगळी. मासिक वर्गणी भरतो म्हणजे रस्त्याचं सगळं त्यात आलं, हा समज महागात पडतो.

आता सुनावण्या. त्या दोन असतात, आणि लोक चुकीच्या सुनावणीत चुकीचं बोलतात. पहिली प्रकल्पाची. तिच्या आधी अभियंत्याचा व्यवहार्यता अहवाल तयार होतो: काम गरजेचं आहे का, खर्चाच्या मानानं परवडतं का, अंदाजे किती लागेल. सूचना वर्तमानपत्रात दोनदा छापावी लागते आणि सुनावणीच्या किमान १० दिवस आधी पोस्टानं पाठवावी लागते. रस्ता हवा की नको, रुंदी कमी करा, पदपथ एकाच बाजूला ठेवा, ते झाड वाचवा, हे सगळं बोलायची जागा हीच. रस्त्यालगतच्या किमान ३५ टक्के लांबीच्या मालकांनी अर्ज करून काम मागितलं असेल तर कौन्सिलचं साधं बहुमत पुरतं. शहरानं आपणहून काढलेलं काम असेल तर सर्व सदस्यांच्या चार-पंचमांश मतं लागतात. बऱ्याच उपनगरांचं कौन्सिल पाच जणांचं असतं, म्हणजे दोघांनी ‘नाही’ म्हटलं की प्रकल्प पडला. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा दोन सदस्यांना आपल्या गल्लीत आणून गटार कुठे तुंबतं ते दाखवणं जास्त कामाचं ठरतं ते यामुळे.

दुसरी सुनावणी आकारणीची, आणि पत्र किमान दोन आठवडे आधी येतं. त्यात तुमच्या प्लॉटची रक्कम, व्याजदर, आगाऊ भरायची मुदत, अपिलाची आणि हप्ते पुढे ढकलायची तरतूद, सगळं छापलेलं असतं. इथे रस्त्याच्या गरजेवर बोलून उपयोग नाही, ते ठरून गेलेलं असतं. इथे फक्त रकमेवर बोलायचं. आणि या सगळ्या पद्धतीतला सर्वांत धारदार नियम इथेच आहे: सही केलेली लेखी हरकत सुनावणीच्या आधी शहराच्या क्लार्ककडे (म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पोचलेली असली पाहिजे, नाहीतर सुनावणीत अध्यक्षांच्या हातात दिलेली असली पाहिजे. तसं नसेल तर अपिलाचा हक्क गेला. माइकसमोर तीन मिनिटं तावातावानं बोललात, सगळ्यांनी माना डोलावल्या, इतिवृत्तात नाव आलं, तरी हातात कागद दिला नसेल तर कोर्टाच्या दृष्टीनं तुम्ही हरकत घेतलेलीच नाही. कागदावर फार काही लागत नाही: पत्ता, प्लॉटचा क्रमांक, ‘या असेसमेंटला माझी हरकत आहे, रक्कम माझ्या मालमत्तेला झालेल्या लाभापेक्षा जास्त आहे’, तारीख, सही. दोन प्रती, एकीवर पोच.

कौन्सिलनं आकारणीचा ठराव केल्यापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस महापौर किंवा क्लार्कला बजावायची आणि बजावल्यापासून १० दिवसांत जिल्हा न्यायालयात दाखल करायची. तिथे कसोटी एकच, आणि ती घरमालकाच्या बाजूची आहे: असेसमेंट ही त्या सुधारणेमुळे मालमत्तेच्या बाजारभावात झालेल्या वाढीपेक्षा जास्त असू शकत नाही. काम होण्याआधीची किंमत आणि झाल्यानंतरची किंमत, फरक तेवढा लाभ. शहरानं ८,००० डॉलर लावले आणि वाढ ५,०००चीच सिद्ध झाली, तर वरचे ३,००० टिकत नाहीत. कोर्ट आकारणी रद्द करून ती नव्यानं करायला लावू शकतं.

ऐकायला झकास. पण शहराचा आकडा आधी बरोबर धरला जातो. तो खोडायचा तर मूल्यांकनतज्ज्ञ लागतो, बहुधा वकीलही. एका घरासाठी तीनेक हजार वाचवायला हा खटाटोप परवडत नाही. तो परवडतो मॉलला, गोदामाला, मोठ्या अपार्टमेंटच्या मालकाला. लाभाची कसोटी कागदावर सगळ्यांची असली तरी प्रत्यक्षात ती मोठ्यांच्याच हातातलं हत्यार होते, आणि या सेवेचे आमच्या हिशोबानं सर्वांत जास्त गुण इथेच कापले जातात. सुदैवानं शहाणी गावं आधीच स्वतंत्र तज्ज्ञाकडून गल्लीतल्या काही नमुना घरांचं मूल्यांकन करून घेतात आणि दर त्याच्या खाली ठेवतात. ‘लाभाचं मूल्यांकन करून घेतलंय का, त्याची प्रत मिळेल का’, हा प्रश्न पहिल्याच सुनावणीत विचारावा. उत्तर गुळमुळीत आलं तर शेजाऱ्यांनी मिळून एक तज्ज्ञ नेमायचा विचार करायला हरकत नाही. आठ-दहा घरं एकत्र आली की गणित बदलतं.

पैशाचा हिशोब एका उदाहरणानं बघू. समजा ८,००० डॉलर, १० वर्षं, ५ टक्के व्याज, ठराव १५ ऑक्टोबरला. (व्याजदर सहसा शहर स्वतः ज्या दरानं बाँड काढतं त्यावर एक-दोन टक्के चढवून ठरतो.) ठरावापासून ३० दिवसांत सगळी रक्कम भरली तर व्याज शून्य. नाहीतर मुद्दलाचे ८०० डॉलरचे दहा हप्ते आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या हप्त्यात मात्र मेख आहे: त्यात ठरावाच्या तारखेपासून थेट पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचं व्याज येतं, म्हणजे इथे साडेचौदा महिन्यांचं, सुमारे ४८३ डॉलर. पहिलं वर्ष १,२८३, दुसरं १,१६०, मग दरवर्षी ४०नं कमी होत शेवटचं ८४०. एकूण व्याज २,२८३ च्या आसपास. पहिल्याच बिलाला लोक दचकतात आणि आकडा चुकला म्हणून फोन करतात, चुकलेला नसतो.

मधेच सगळं फेडायचं असेल तर १५ नोव्हेंबरच्या आत शहराच्या खजिनदाराकडे भरावं. ती तारीख हुकली की पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतचं व्याज लागतं. थोडी रक्कम आता आणि बाकी हप्त्यानं, अशी सोय फक्त ज्या शहरानं तसा नियम केला आहे तिथेच. घराचं कर्ज असेल आणि घरपट्टी बँकेच्या एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्याबरोबर घरपट्टीचे पैसे साठवणाऱ्या खात्यातून) जात असेल, तर हप्ताही तिथूनच जातो. मग वर्षभरानं एस्क्रोत तूट निघते आणि महिन्याचा हप्ता अचानक वाढतो. नोव्हेंबरात येणाऱ्या प्रस्तावित घरपट्टीच्या पत्रकावरून याचा अंदाज घेऊ नका; तिथली बेरीज स्पेशल असेसमेंट वगळून असते. मार्चमधल्या अंतिम पत्रकात ती वेगळ्या ओळीत दिसते.

आयकरात सूट मिळेल या आशेवरही राहू नये. घराची किंमत वाढवणाऱ्या सुधारणेची असेसमेंट घरपट्टी म्हणून वजा करता येत नाही. ती घराच्या मूळ किमतीत मिळवायची आणि विकताना नफ्याच्या हिशोबात धरायची. त्यातला व्याजाचा किंवा निव्वळ दुरुस्तीचा भाग वेगळा दाखवता आला, तर तेवढाच वजा होऊ शकतो. म्हणून ठरावाची आणि हप्त्यांची कागदपत्रं घर विकेपर्यंत जपून ठेवावीत.

वय ६५ किंवा जास्त असेल, कायमचं पूर्ण अपंगत्व येऊन निवृत्ती घ्यावी लागली असेल, किंवा नॅशनल गार्ड-राखीव दलातून सक्रिय सेवेवर बोलावलं गेलं असेल, तर स्वतः राहत असलेल्या घराचे हप्ते पुढे ढकलायची तरतूद कायद्यात आहे. ती लागू करायची की नाही हे शहराच्या मर्जीवर. आणि ही माफी नव्हे: घर विकलं, मालक वारला किंवा तिथे राहणं सोडलं की साठलेली रक्कम बहुधा व्याजासकट एकदम देय होते. मिनेसोटातलं घर भाड्यानं देऊन जे पुण्याला परतले आहेत त्यांनी काउंटीच्या नोंदीत पोस्टाचा पत्ता बदललाय का ते तपासावं. सूचना त्याच नोंदीतल्या पत्त्यावर जाते, आणि भाडेकरूनं ती टेबलावर ठेवून दिली म्हणून मुदत थांबत नाही.

पर्याय आहेत का? आहेत, आणि शहरं तिकडे सरकताहेत. सेंट पॉल शहर रस्त्यांच्या देखभालीचा खर्च वर्षानुवर्षं सगळ्या मालमत्तांवर असेसमेंट म्हणून टाकत असे. डाउनटाउनमधल्या दोन चर्चनी दावा लावला आणि २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हा खरं तर करच आहे, त्याला लाभाचं नाव देऊन चालणार नाही. मग त्यातला मोठा भाग घरपट्टीत आला आणि घरपट्टी कडाडली. २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनी रस्ते आणि उद्यानांसाठी एक टक्का विक्रीकर मंजूर केला. तो २०२४ पासून लागू आहे. म्हणजे आता रस्त्याचे पैसे तिथे येऊन जेवणारा पाहुणाही देतो. इडायना या उपनगरानं घरमालकांवरचा मोठा हिस्सा एकदम काढला नाही, टप्प्याटप्प्यानं घरपट्टीत न्यायचं ठरवलं. ज्यांनी कालच पूर्ण असेसमेंट भरली त्यांना उद्यापासून दुसऱ्यांच्या रस्त्याचाही कर द्यावा लागला तर ते चिडणारच, म्हणून ही सावकाशी. काही उपनगरं वीज-गॅसच्या बिलावर दरमहा काही डॉलरचं फ्रँचायझी शुल्क लावतात. आमचा कल त्या मासिक शुल्काकडे आहे: रक्कम छोटी, सगळ्यांना माहीत असलेली, कोपऱ्याच्या प्लॉटचा वाद नाही. पण ते घराच्या आकाराकडे बघत नाही, एकट्या म्हातारीला आणि पाच गाड्यांच्या घराला सारखंच, हा त्याचा दोष.

प्रत्यक्ष काम सुरू झालं की घरमालकानं काय करावं, तेही थोडक्यात. रस्त्याची सरकारी हद्द बहुधा ६० ते ६६ फुटांची आणि डांबर त्याच्या निम्मंच. म्हणजे अंगणातल्या हिरवळीचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा खरं तर शहराचा. तिथले स्प्रिंकलर आणि कुत्रा अंगणाबाहेर जाऊ नये म्हणून पुरलेली विजेची तार यांना आधीच झेंड्या लावून ठेवाव्यात; न दाखवता तुटल्या तर भरपाईची आशा कमी. घरापासून मुख्य वाहिनीपर्यंतचा मैल्याचा पाइप बहुतेक गावांत मालकाचाच, अगदी रस्त्याखालचा भागसुद्धा. घर जुनं आणि पाइप मातीचा असेल तर आधी कॅमेरा घालून बघावा आणि रस्ता उघडा असतानाच बदलून घ्यावा. नंतर तोच खड्डा खणायचा तर नवं डांबर कापून पुन्हा भरायचा खर्चही तुमच्याच माथी. आणि काम एका उन्हाळ्यात संपत नाही. डांबराचा खालचा थर टाकून हिवाळाभर तसाच ठेवतात, जमीन बसू देतात, वरचा थर पुढच्या वर्षी. तोवर गटाराची कड रस्त्यापेक्षा दीड-दोन इंच वर राहते, ड्राइव्हवेच्या तोंडाशी गाडी आदळते, पाणी कडेला साचून गोठतं आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं पातं कुठे कुठे कर्बचा टवका उडवतं. हे टवके एप्रिलमध्ये फोटो काढून कळवावेत, वरचा थर पडायच्या आत.

घर विकत घेणाऱ्यांसाठी शेवटचं. टायटल कंपनी (घराची मालकी आणि त्यावरचे बोजे तपासणारी कंपनी) असेसमेंटचा शोध घेते तेव्हा दोन प्रकार सांगते: ठराव झालेली आणि प्रकल्प मंजूर होऊन रक्कम ठरायची बाकी असलेली. ती कोण भरणार, हे खरेदीच्या करारात टिकमार्क करून ठरवतात, आणि बाकी असलेलीसाठी विकणाऱ्याचे पैसे अंदाजापेक्षा जास्त अडकवून ठेवायची पद्धत आहे. पण ज्या रस्त्याची सुनावणीच अजून झालेली नाही तो या शोधात दिसत नाही, मग तो शहराच्या पाच वर्षांच्या आराखड्यात पुढच्या उन्हाळ्यासाठी नोंदलेला का असेना. त्यासाठी शहराच्या इंजिनीअरिंग विभागात फोन करून रस्त्याचं नाव सांगायचं आणि विचारायचं: हा आराखड्यात कुठल्या वर्षी आहे, आणि मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीत घरटी किती लावले?